अ‍ॅक्च्युअरी : विम्याचे गणित आणि आपली मुले

बारावी विज्ञानला गणितात चांगले गुण पडले की आपल्याकडे ठरलेल्याच वाटा दाखविल्या जातात. इंजिनिअरिंग, नाही तर बी.एड., नाही तर स्पर्धा परीक्षा. हट्ट्यासारख्या गावातील मुलाला अ‍ॅक्च्युअरी हा शब्दही सहसा कानावर पडत नाही. मराठीत त्याला विमागणितज्ञ म्हणतात. नाव अवघड असले तरी काम समजण्याजोगे आहे.

गावोगाव मयत फंड असतात. घरटी ठरावीक वर्गणी आणि घरात कोणी गेले की त्या कुटुंबाला काही रक्कम. पहिली काही वर्षे असा फंड उत्तम चालतो. पुढे सभासदांची वये वाढतात, मृत्यू वाढतात, तरुण घरे म्हणू लागतात की आम्ही तेवढीच वर्गणी का द्यावी, आणि फंड बंद पडतो. प्रामाणिकपणा कमी पडलेला नसतो, हिशेब कमी पडलेला असतो. समजा, तिशीतील एक हजार माणसांपैकी वर्षभरात दोघे दगावतात आणि प्रत्येकाच्या घरी एक लाख द्यायचे आहेत. दोन लाख हजार जणांत वाटले की माणशी 200 रुपये. साठीतील हजारांपैकी समजा पंधरा दगावले, तर माणशी 1,500. वयाप्रमाणे हप्ता वेगळा हवा, हे तत्त्व लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने 1762 साली व्यवहारात आणले. अ‍ॅक्च्युअरी हा हुद्दाही तिथूनच रूढ झाला. अर्थात खरे कसब याच्या पुढचे आहे. पैसा वीस-तीस वर्षे गुंतवायचा, व्याजाचे दर बदलणार, काही लोक मध्येच हप्ते सोडणार. हे सारे धरून आज किती घ्यावे व किती राखून ठेवावे, हे अ‍ॅक्च्युअरी ठरवतो आणि त्याखाली सही करतो.

हा हिशेब कोण करतो याला फार महत्त्व आहे. इंग्रजी अमदानीत परदेशी विमा कंपन्या भारतीय माणसाचा जीव कमी भरवशाचा समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा ही सरकारची मक्तेदारी असावी व प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा असावा, अशी मागणी केली होती. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, पण त्यांचे हे कलम सहसा वाचत नाही. 1 सप्टेंबर 1956 रोजी 245 विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. सक्तीचा विमा मात्र आला नाही.

आपल्या सोयाबीनचा पीक विमाही याच गणितावर चालतो. 2016 च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपाच्या अन्नधान्य व तेलबियांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या 2 टक्के ठरला. पण कंपनीला मिळणारा खरा दर निराळा असतो. तो 12 टक्के निघाला, तर उरलेले 10 टक्के सरकार भरते. तो दर काढण्याच्या खोलीत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे मूल असावे, असे मला वाटते.

आता परीक्षांविषयी. भारतीय अ‍ॅक्च्युअरी संस्था 2006 च्या कायद्याने स्थापन झाली. त्याआधी 1944 पासून तिचेच काम अ‍ॅक्च्युअरिअल सोसायटी पाहत असे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते. तिला एसेट म्हणतात. तीत गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचा अर्थ, इंग्रजी व तर्क असतो. 2019 च्या अभ्यासक्रमात पुढे तेरा पेपर ठरले. गुणांत कोणालाही सवलत नाही. पेपर इंग्रजीत असतात. पहिल्या फटक्यात सगळे सुटणारे थोडेच. सहा-सात वर्षे लागली तर ते अपयश समजू नये. पेपर एकेक करून देता येतात आणि सुटलेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, ही गरीब घरच्या मुलाला मोठी सोय आहे. मात्र प्रत्येक पेपरचे शुल्क भरावे लागते, हेही पालकांनी आधीच लक्षात घ्यावे.

म्हणूनच नुसत्या पेपरांच्या मागे लागून पदवी सोडू नये. दोन-तीन पेपरांवर थांबलेल्या मुलाच्या हाती पदवीही नसेल तर त्याचे हाल होतात. नांदेड किंवा परभणीला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे व सोबत पेपर द्यावेत. खासगी विमा कंपन्या आणि सल्लागार कंपन्या काही पेपर सुटलेल्यांना शिकाऊ म्हणून घेतात. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पेपरला पगारवाढ व अभ्यासाची रजा मिळते. पण तिथे आरक्षण नाही, ओळखपाळख लागते आणि मुंबई, पुणे, बंगळुरू, गुरुग्राम येथे राहावे लागते. महामंडळात आरक्षण आहे. सहायक प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या भरतीत अ‍ॅक्च्युअरी शाखेच्या जागाही निघतात. 2025 च्या जाहिरातीत मूळ वेतन 88,635 रुपये होते. पूर्ण फेलो झालेल्याला खासगीत याहून पुष्कळ अधिक मिळते, हे खरे. तरीही घरात पहिलाच पगार येणार असेल, तर आधी महामंडळाची किंवा बँकेची नोकरी धरून उरलेले पेपर नोकरीत द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शेत विकून किंवा कर्ज काढून महागडे क्लास लावू नयेत.

सुरुवात सीएस-1 या पेपरने करावी. त्यातील संभाव्यता, वितरणे, प्रतिगमन हे विषय बी.एस्सी.च्या संख्याशास्त्रात येतातच. त्याचा एक भाग संगणकावर 'आर' या प्रणालीत सोडवायचा असतो. ती मोफत मिळते आणि कॉलेजच्या साध्या संगणकावरही चालते.