ताण आणि आपण – लेखांक 6 : ‘दुर्लक्ष कर’ एवढ्याने भागत नाही

संकट आले की नाडी वाढते, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढते आणि संकट सरले की शरीर पुन्हा निवते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. पण संकट सरतच नसेल तर? अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा अशा स्पॅनिशभाषक मुलखांत मूळ असलेल्या तरुणांपुढे हा प्रश्न रोजचा आहे. 2020 च्या जनगणनेत हा समाज सहा कोटींहून अधिक भरला. यातले बहुतेक तरुण अमेरिकेतच जन्मले, तरी ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. दुकानात रखवालदार मागे मागे फिरतो, बसमध्ये आईशी स्पॅनिश बोलले की कुणी तरी डाफरते. 3 ऑगस्ट 2019 रोजी टेक्सासमधल्या एल पासो शहरातील वॉलमार्ट दुकानात हिस्पॅनिकांनाच हेरून गोळीबार झाला; 23 जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर दूरच्या गावातला मुलगाही बाजारात जाताना सावध होतो. ही सततची सावधगिरीच शरीराला झिजवते.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले: अडचण दूर करणे, नाही तर मन सावरणे. परीक्षेचा ताण अभ्यासाने हटतो. भेदभाव मात्र सोसणाऱ्याच्या हातात नसतो, म्हणून मन सावरण्यालाच महत्त्व येते. तिथे सर्वांत घातक वाट म्हणजे ‘माझ्यातच काही कमी असेल’ असे मानणे. दारूची वाटही बहुधा तिथूनच फुटते. घरी सांगावे, तर आईबाप आधीच दमलेले. म्हणून पुष्कळ मुले गप्प राहतात.

मला या बाबतीत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचे उदाहरण फार मोलाचे वाटते. तिथल्या शाळांत मेक्सिकन-अमेरिकन इतिहास आणि साहित्याचे वर्ग होते. या इतिहासातलेच एक पान पाहा: कॅलिफोर्नियात एके काळी मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवत, आणि मेंडेझ कुटुंबाने इतर पालकांसह कोर्टात जाऊन 1947 पर्यंत तो लढा जिंकला. असा इतिहास कळलेले मूल अपमानाचे खापर स्वतःवर फोडत नाही. टूसॉनच्या वर्गांत शिकलेली मुले शालान्त शिक्षण पूर्ण करण्यात सरस ठरली, असे अभ्यासकांना आढळले. तरी 2010 च्या राज्य कायद्याचा बडगा दाखवून हे वर्ग बंद पाडले गेले. 2017 मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या बंदीमागे वंशद्वेष होता, असा निर्वाळा दिला. तोवर कितीतरी मुले ते न शिकताच शाळेबाहेर पडली होती!

अर्थात अशा इतिहासातून मिळणारी अस्मिता म्हणजे चिलखत नव्हे. ज्याला आपल्या समाजाचा जिव्हाळा अधिक, त्याला कधी कधी घावही अधिक लागतो. म्हणून सोबत हवी: समदुःखी मित्र, ऐकणारे शिक्षक, आणि स्पॅनिश जाणणारा समुपदेशक.

तुमच्या घरचे कुणी परदेशी शिकत असेल आणि असे काही सांगू लागले, तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणू नका. आधी सगळे ऐकून घ्या. पुढील लेखांकात झोप आणि ताण यांविषयी.