मे महिन्यातले पाहुणे, अर्धं तिकीट आणि घरची भावजय

परीक्षा संपल्या की गटाच्या बैठकीत एकच विषय निघतो. कोणाची नणंद पुण्याहून येणार, कोण स्वतःच माहेरी अकोल्याला निघणार, कोणाचे भाचे-भाच्या पंधरा दिवस मुक्कामाला. दिवाळीतही लेकी येतात, पण तेव्हा सोयाबीन काढून झालेलं असतं-नसतं आणि कापसाची वेचणी सुरू होते, घरच्या बाईला बसून बोलायलाही सवड नसते. म्हणून आपल्या वऱ्हाडात खरा मुक्काम मे महिन्याचाच. आंब्याचा रस, शेवया, कुरड्या, गच्चीवर झोपणं. मुलांना तर वर्षभर तेच आठवतं.

आज आम्ही बोलणार आहोत ते या पाहुणचाराच्या हिशोबाबद्दल.

पैशाच्या आधी पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं, त्याला आपण खारपाण पट्टा म्हणतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर, तेल्हारा या भागांतल्या कितीतरी गावांत विहीर-बोअर असूनही ते पाणी पिता येत नाही, नळाची वाट पाहावी लागते. चार माणसांच्या घरी आठ माणसं झाली की गुंड दुपारीच रिकामे. त्यात पारा 44-45 वर, म्हणजे कुलर दिवसभर चालू. कुलर किती पाणी पितो ते भरणाऱ्या बाईलाच माहीत! म्हणून पाहुण्यांनो, येण्याआधी एक फोन करा आणि नळ कोणत्या दिवशी येतो ते विचारा. त्या दिवशी पाणी भरायला तुम्हीही उठा, मोठ्या पोट्ट्यांनाही उठवा. यात पाहुण्याचा मान कमी होत नाही.

आता प्रवास. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये बायांना अर्धं तिकीट आहे. साधी असो की शिवशाही, शंभराचं तिकीट पन्नासाला. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. बस पुढे मध्य प्रदेशात जात असेल तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण लागतं. आगाऊ जागा राखली तर आरक्षणाचा आकारही पूर्ण द्यावा लागतो. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. 65 ते 75 वर्षांच्या पुरुषांना अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना 26 ऑगस्ट 2022 पासून काहीच लागत नाही, फक्त आधार कार्ड जवळ असू द्या. रेल्वेत बायांना अशी सवलत नाही, ज्येष्ठांची होती तीही 2020 पासून बंद आहे. तरी बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव ही सगळी एकाच लायनीवर, पॅसेंजरने स्वस्तात जाणं होतं. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी शकुंतला आपल्या सासवांनी माहेरासाठी किती वापरली असेल! ती आता बंद.

फिरायला कुठे जायचं? अमरावतीकडच्या पाहुण्यांना चिखलदरा ठरलेलाच. परतवाड्यापासून पुढे घाट लागला की हवा बदलते. उंची सुमारे 1100 मीटर. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, ही गोष्ट तिथे उभं राहून मुलांना सांगायची. गाविलगड किल्ला इंग्रजांनी 1803 च्या डिसेंबरात घेतला, तोही बघता येतो. मात्र मे महिन्यात धबधबे कोरडे असतात, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं हिरमुसतात. अकोल्याकडे आलात तर राजराजेश्वराचं मंदिर, आणि बाळापूरचा किल्ला नि मिर्झा राजा जयसिंगाची छत्री सकाळी दहाच्या आत पाहून होतात. नरनाळा मोठा देखणा, पण लहान मुलं घेऊन या उन्हात आम्ही तरी जाणार नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं बोललो ते. सहलीच्या दिवशी घरी कोण राहतं? आमच्या गटातल्या एका ताईंकडे दर उन्हाळ्यात नणंदा येतात. लग्नाला चौदा वर्षं झाली, दरवेळी त्यांनी पहाटे उठून पुऱ्या-बटाट्याची भाजी बांधून दिली, आणि चिखलदरा त्यांनी पाहिलेला नाही. गाडीत जागा नसते, सासूला एकटं ठेवता येत नाही, नळ येणार असतो. कारणं खोटी नाहीत. पण सगळी कारणं एकाच बाईच्या वाट्याला का यावीत? गेल्या वर्षी थोरल्या नणंदेनेच सांगितलं, "वहिनी, तुमचं तिकीट मी आधी काढते. मी चिखलदरा चारदा पाहिला, आईजवळ मी थांबते." एसटीने गेल्या, गाडी केलीच नाही. अर्ध्या तिकिटाचा असाही उपयोग.

राहिला पैसा. रस-पुरणाचा स्वयंपाक, वर पाठवणीची साडी-चोळी, यासाठी मे महिन्यात गटातून कर्ज मागणाऱ्या वाढतात. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने 3000 घेतले आणि दरमहा 500 मुद्दल फेडली, तर सहा महिन्यांत 210 रुपये व्याज जातं. ते निदान आपल्याच गटात राहतं. पण जूनमध्ये बियाणं-खताचा खर्च उभा राहतो तेव्हा हा हप्ता जड जातो. त्यापेक्षा महिन्याच्या बचतीशिवाय जुलैपासून शंभर-शंभर वेगळे टाकले तर एप्रिलअखेर हजार होतात. लेकींनीही भावजयीला सांगावं, यंदा साडी नको, कुरड्या-पापड बांधून दे. भावजय स्वतःहून तसं बोलू शकत नाही.

ज्यांच्याकडे यंदा पाहुणे येणार आहेत त्यांनी या बैठकीतच नाव सांगा. किती जण आणि किती दिवस तेही सांगा. मोठी पातेली गटाकडे आहेत, ती आधी मागणाऱ्यांना आधी मिळतील.