‘चांदोबा’तील विक्रम-वेताळ : न संपणाऱ्या कथेची रचना

खड्गधारी वीर, कपटी मांत्रिक आणि स्मशान यांवर उभ्या राहणाऱ्या अद्भुतकथेतील मराठी वाचकाच्या विशेष परिचयाचा नायक म्हणजे राजा विक्रम होय. हा परिचय अनेक पिढ्यांना घडला तो ‘चांदोबा’ मासिकातून. बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासहून तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक सुरू केले. मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. नग्न खड्ग हाती घेऊन, खांद्यावर प्रेत टाकून चालणारा राजा हे के. सी. शिवशंकरन् ऊर्फ ‘शंकर’ (१९२४–२०२०) यांचे चित्र तर त्या मालेची मुद्राच ठरले. प्राचीन कथाचक्र मासिकाच्या साच्यात बसविताना त्याच्या रचनेत कोणता पालट झाला, हा येथे विचाराचा विषय आहे.

हे कथाचक्र अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आढळते. तेथे नायकाचे नाव त्रिविक्रमसेन असून तो गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, राजा आहे. उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी त्याचे एकरूपत्व इतर पाठांत दृढ झाले. मुद्रित मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये अवतरली. सोमदेवाने ज्याची ‘बृहत्कथा’ आधारास घेतली त्या गुणाढ्याच्या मामांची नावे वत्स व गुल्मक अशी सांगितली आहेत. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म होते. हे नामसाम्य म्हणजे पुरावा नव्हे; तथापि वऱ्हाडातील अभ्यासकाने ते ध्यानी ठेवावे असे आहे.

मूळ कथेचा कणा भाषाव्यवहाराच्या एका नियमावर उभा आहे. क्षांतिशील नामक भिक्षूसाठी राजाने शिंशपा वृक्षावरील प्रेत मौन राखून आणावयाचे असते. प्रेतातील वेताळ वाटेत कथा सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा न बोलला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला, तर मौन भंगून प्रेत पुन्हा झाडावर जाणार. येथे ज्ञान हेच कार्यातील विघ्न होय. जोवर राजास उत्तर सुचते, तोवर त्याची सुटका नाही.

ही साखळी चोविसाव्या कथेपाशी तुटते. एक राजा व त्याचा पुत्र यांना वनात दोन स्त्रियांची पावले दिसतात. मोठी पावले आईची असावीत अशा समजुतीने, मोठ्या पावलांची पित्याने व लहान पावलांची पुत्राने वरावी, असे ठरते. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात. तिच्याशी पित्याचा आणि तिच्या आईशी पुत्राचा विवाह होतो. या दोन जोडप्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय? दोन्ही अपत्ये मुलगे मानले, तर मराठीच्या आप्तवाचक शब्दांनी पित्याचा नवा मुलगा दुसऱ्याचा काका ठरतो, आणि तो दुसरा पहिल्याचा मामा; म्हणजे एक पुतण्या, तर दुसरा भाचा. मामाच्या मुलीशी विवाह मान्य असलेल्या समाजात दुहेरी नात्यांची सवय भाषेला असते. सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणणे हे तिचेच चिन्ह. पण येथे पिढ्यांचा क्रमच उलटापालटा झाल्यामुळे दोघांस सामावणारा एक शब्द उरत नाही. राजा निरुत्तर होतो, आणि त्या निरुत्तर मौनातच पुढे चालू लागतो. प्रसन्न झालेला वेताळ भिक्षूचा कपटी हेतू उघड करतो व राजा भिक्षूचा वध करतो.

‘चांदोबा’ला हा शेवट परवडणारा नव्हता. मूळच्या कथा संपल्यावर संपादकांनी लोककथा व नव्या कथा त्याच चौकटीत घातल्या. राजाचे झाडाकडे परतणे हा ठरीव आरंभ आणि वेताळाचे निसटणे हा ठरीव शेवट मासिकागणिक जवळजवळ त्याच शब्दांत येई. ‘डोळा’स ‘डोया’ व ‘काळा’स ‘काया’ म्हणणाऱ्या आणि त्याच नियमाने ‘वेताळ’चा उच्चार ‘वेताय’ करणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील मुलास प्रमाण मराठीचा हा पाठ पुनरावृत्तीमुळे आपसूक मुखोद्गत होण्याजोगा होता. प्रत्येक प्रश्नास उत्तर असणे मात्र आता अनिवार्य झाले.

असा विस्तार अन्यत्रही झाला आहे. रॉबर्ट हॉवर्ड यांनी १९३२ मध्ये निर्मिलेल्या कॉनन या खड्गवीरावर अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाने १९७० ते १९९३ या काळात २७५ अंकांची चित्रमाला काढली. हॉवर्ड यांच्या इतर नायकांच्या कथाही लेखक रॉय थॉमस यांनी तीत कॉननच्या म्हणून बसविल्या. परंतु कॉननच्या कथा मुळातच सुट्या होत्या. तेथे केवळ भर पडली. विक्रमाच्या बाबतीत रचनेचा अर्थच पालटला. मूळचा राजा ज्ञानाच्या मर्यादेपाशी पोहोचून मुक्त होतो. मासिकातील राजास ती मर्यादा कधी भेटतच नाही. त्याचा हट्ट हा सद्गुण म्हणून उरला, पण त्या हट्टाचे फळ कथेतून नाहीसे झाले.

२०१३ च्या सुमारास ‘चांदोबा’ बंद पडला. म्हणून ही माला पूर्ण झाली असे म्हणता येत नाही. ती केवळ थांबली. जिज्ञासू वाचकास शेवट हवा असेल, तर त्याने सोमदेवाच्या चोविसाव्या कथेकडेच वळले पाहिजे.