परीक्षक नसलेला वर्ग

मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रिते तपासते. शिक्षण बी. कॉम.; गणिताशी शेवटची गाठ बारावीत पडलेली. नोकरी सांभाळून सध्या कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते आहे, तेही फी न भरता. कामाच्या एका दिवसाचा हा हिशेब.

पहाटे ५.१५

पहिला तास गणिताचा, कारण थकलेल्या डोक्यात गणित शिरत नाही. साहित्याला तोटा नाही. खान अकॅडमीवर कलनशास्त्र आहे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरची व्याख्याने आहेत. ग्रँट सँडरसन यांच्या ‘थ्रीब्लूवनब्राउन’ वाहिनीवर तेच गणित चित्रांतून उलगडते. नियम एकच: व्हिडिओ जितका वेळ पाहिला, त्याच्या दुप्पट वेळ वही.

आजचे उदाहरण: अ = ३, ब = ४, क = ५. अ गुणिले ब, अधिक क, म्हणजे १७. आता अ ३.०१ केला, तर उत्तर १७.०४ येते. अ जेवढा हलला त्याच्या चौपट उत्तर हलले, आणि तो चारचा आकडा आला ब मधून. न्यूरल नेटवर्कचे शिकणे बव्हंशी असेच चालते. उत्तर किती चुकले ते काढायचे, कोणता आकडा हलवला की चूक किती हलते ते शेवटाकडून सुरुवातीकडे मोजत यायचे आणि प्रत्येक आकडा चूक घटेल त्या बाजूला किंचित सरकवायचा. संगणक हे लाखो आकड्यांसाठी करतो. पाच-सहा आकड्यांसाठी हाताने करून पाहिले, की ‘बॅकप्रोपगेशन’ या नावाचा धाक उरत नाही.

सकाळी ६.४५

डबे, पाणी, भाजी. या वेळात कानात काही घालत नाही. कोड ऐकून कळत नाही आणि फोडणी करपते.

सकाळी ८.४०

बसमध्ये बसायला मिळाले, तर रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवलेले व्याख्यान पाहते. सुरुवातीचे दिवस कोणता अभ्यासक्रम घ्यावा या विचारातच गेले, कारण फुकटच्या दुनियेत निवड हेच मोठे काम असते. अँड्र्यू एनजी यांनी २०११मध्ये स्टॅनफर्डचा मशीन लर्निंगचा वर्ग इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला आणि पुढच्याच वर्षी डॅफनी कोलर यांच्याबरोबर कोर्सेरा काढले. जेरेमी हॉवर्ड आणि रेचल थॉमस यांचे ‘फास्ट डॉट एआय’ आधी मॉडेल चालवून दाखवते, मग आतले गणित उघडते. आपल्याकडे एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचे मितेश खापरा यांचा डीप लर्निंगचा अभ्यासक्रम आहे. तो गणितापासून एकेक पायरी चढवतो. शिकणे मोफत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर फी.

मी खापरांचा वर्ग घेतला आणि बाकीच्यांच्या खुणा पुसून टाकल्या. दहा अभ्यासक्रमांचे पहिले धडे पाहणाऱ्याला दहा वेळा ‘मशीन लर्निंग म्हणजे काय’ एवढेच कळते.

सकाळी १० ते संध्याकाळी ६

ऑफिस. कादंबरीचे दुसरे मुद्रित समोर आहे. ‘बहिण’ दिसले की हात आपोआप दुसरी वेलांटी देतो. ‘बहीणीला’ दिसले की तोच हात पहिली वेलांटी देतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: बहीण, बहिणीला, फूल, फुलाला. तत्सम शब्द मात्र अपवाद: शरीर, शरीरात. माझा अभ्यासाचा प्रश्न याच टेबलावर सापडला. ही वेलांटी यंत्राला कळेल का?

लेखकांचा मजकूर मात्र मी अभ्यासाला वापरत नाही. अप्रकाशित पुस्तक परक्या सर्व्हरवर चढवण्याचा अधिकार मला नाही. मराठी विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली मिळतो, तो पुरतो.

जेवताना डीटीपी करणारा मुलगा शेजारी बसतो.

“ताई, एवढं सगळं चॅटजीपीटीला विचारलं तर दोन मिनिटांत सांगेल की.”

“सांगेल. पण बरोबर सांगितलंय का, ते कोण ठरवणार?”

“तुम्ही.”

“म्हणून तर शिकतेय.”

चॅटबॉट मीही वापरते. पायथनने लाल अक्षरांत काही ओरडले, की त्याचा अर्थ विचारते. मात्र आधी माझा अंदाज वहीत लिहिते, मग त्याचे उत्तर वाचते.

रात्री ९.१५

आवराआवर झाली की लॅपटॉप. तो जुना आहे, पण गूगल कोलॅबमध्ये आकडेमोड दूरच्या यंत्रावर होते, आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. फुकटच्या खात्यात ग्राफिक्स कार्ड मिळेलच याची हमी नसते. बराच वेळ काही केले नाही तर जोडणी तुटते आणि त्या सत्रातल्या फायली जातात, म्हणून सगळे ड्राइव्हवर साठवते. माझ्या आजच्या कामाला मात्र ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही.

आंद्रे कार्पथी यांच्या ‘झीरो टू हीरो’ या मोफत व्याख्यानमालेत एक धडा आहे. सुमारे ३२ हजार इंग्रजी नावे घेऊन कोणत्या अक्षरानंतर कोणते अक्षर किती वेळा येते, याचा तक्ता करायचा आणि त्यावरून नवी नावे पाडायची. मी तेच मराठी शब्दांवर करते. पहिला धक्का पायथनच देतो. ‘महाराष्ट्र’ची लांबी विचारली, तर तो १० सांगतो. वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, पण युनिकोडमध्ये प्रत्येक काना आणि प्रत्येक हलन्त ही स्वतंत्र खूण असते. मग कार्पथींप्रमाणे, कुठलीही जोडी शून्यावर राहू नये म्हणून प्रत्येक जोडीच्या मोजणीत एक मिळवला, की तक्ता अधूनमधून कान्यावर वेलांटी चढवतो. इंग्रजी धड्यात ही भानगड येत नाही.

आता वेलांटी. हा तक्ता फक्त एक खूण मागे पाहतो. ‘ह’नंतर कोणती वेलांटी हे ठरायचे असते ‘ण’च्या पुढे काय येते त्यावरून, पण ‘ण’च्या पुढचे मोजताना तक्ता फक्त ‘ण’ पाहतो, त्याआधीची वेलांटी तोवर विसरलेला असतो. मग कितीही मजकूर ओता, ‘बहीण’ आणि ‘बहिणी’ यांतला संबंध त्याच्या हाती लागणे शक्य नाही. मागच्या दोन खुणा पाहू दिल्या, की ‘दुसरी वेलांटी आणि ण, मग शब्द संपतो’ आणि ‘पहिली वेलांटी आणि ण, मग स्वर येतो’ असा फरक त्याला दिसू लागतो. २०१७च्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या न्यूरल नेटवर्कच्या रचनेत शब्दांनी दूरच्या शब्दांकडे पाहण्याची एवढी सोय का केली, ते मला या वेलांटीमुळे कळले.

रात्री १०.१५

शेवटचे काम तपासणीचे. महाविद्यालयात परीक्षक असतो. इथे व्हिडिओ संपला की ‘समजले’ असे वाटते, आणि ते खोटे ठरवणारे कोणी नसते. मशीन लर्निंगवाल्यांनी यंत्रासाठी यावर उपाय शोधला आहे: थोडा डेटा आधीच बाजूला काढायचा, शिकवताना तो दाखवायचा नाही आणि गुण त्यावरच मोजायचे. स्वतः शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला परीक्षक परवडणार नाही.

पण तो डेटा बाजूला काढण्यातच बरीच मेहनत आहे. ‘बहिणीला’ शिकवणीच्या ढिगात आणि ‘बहिणीचा’ परीक्षेच्या ढिगात असेल, तर यंत्र शिकले की त्याने पाठ केले, हे कळत नाही. म्हणून मूळ शब्दच वेगळे केले: बहीण एकीकडे, जमीन दुसरीकडे. विकिपीडियातही अशुद्ध रूपे भरपूर आहेत, त्यामुळे परीक्षेची यादी मी नियमांशी ताडून हाताने तपासली. वर्षानुवर्षे केलेले काम इथे कामी आले.

आजचा निकाल: दोन खुणा मागे पाहणारे मॉडेल एक खूण पाहणाऱ्याच्या पुढे आहे. पण नियम आणि तत्सम शब्दांची यादी घेऊन मी लिहिलेला काही ओळींचा साधा कोड त्या दोघांच्याही पुढे आहे. मॉडेल ‘जमिनीत’ बरोबर लिहिते आणि त्याच न्यायाने ‘शरिरात’ही लिहिते. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही, हे त्याच्या दोन-तीन खुणांत लिहिलेले नसते.

रात्री १०.५०

वहीत उद्याचे काम. शब्द तत्सम आहे की नाही, ही माहिती मॉडेलला वेगळी पुरवून पाहायची. ते करताना जुन्या यादीवर पुन्हा गुण मोजून चालणार नाही. तिच्यातले शब्द पाहून मी मॉडेल बदलते आहे, म्हणजे प्रश्नपत्रिका फुटलीच. उद्या बसमध्ये व्याख्यान नाही. शब्दकोशातून नवे शब्द काढून नवी यादी करायची आहे.