बारा महिन्यांची मुदत

चंद्रपूरच्या न्यायालयात उभे आयुष्य घालविलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी बोलण्याच्या ओघात मला सांगितले होते की, टाकलेल्या बाईला पोटगीचा हुकूम मिळवून देणे म्हणजे निम्मे कामही नव्हे. हुकुमानंतर पैसे थकले, की बारा महिन्यांच्या आत ती पुन्हा न्यायालयाची पायरी चढते की नाही, यावर सारे अवलंबून असते. तो बारा महिन्यांचा आकडा माझ्या मनात रुतून बसला, आणि थकलेल्या पोटगीची वसुली प्रत्यक्षात कशी होते ते पाहावे म्हणून, ऐन मोहफुलांच्या दिवसांत, मी अहेरीला गेलो.

तेथे विधी सेवेच्या वतीने गरिबांची प्रकरणे चालविणाऱ्या एका वकीलबाईंच्या मेजाशेजारी मला बसावयास मिळाले. 1987 च्या कायद्यान्वये स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या लोकांना, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, वकील मोफत मिळतो. समोर भामरागडच्या बाजूची, तिशी न ओलांडलेली एक आदिवासी बाई बसली होती. तिची संमती वकीलबाईंनी आधी घेतली, मगच मला बसू दिले. बाईच्या पायाशी कापडी पिशवी होती आणि तिच्यातून वाळत्या मोहफुलांचा उग्र, गोड, काहीसा आंबूस वास येत होता. ही फुले बाजारात विकून परतीच्या प्रवासाचे पैसे उभे राहावयाचे होते; एस.टी.त बायकांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे, तरीही ते अर्धे कोठून तरी आणावेच लागते. पुढील तासाभरात कितीतरी कलमांची चर्चा झाली, पण माझे चित्त त्या वासाकडेच फिरून फिरून जात राहिले.

तिची फारकत गावपंचांसमोर झाली होती. 1955 चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याविना, अनुसूचित जमातींना लागू होत नाही; त्यामुळे येथे विवाह आणि काडीमोड दोन्ही रूढीने होतात. पोटगीचे कलम मात्र जात, धर्म, जमात पाहत नाही. 1 जुलै 2024 पासून ते नव्या संहितेचे 144 वे कलम झाले असले, तरी आवारात सारे त्याला अद्याप जुन्या क्रमांकाने ‘एकशेपंचवीस’च म्हणतात. याच कलमात 2001 पर्यंत, काही राज्यांनी वाढविली नसेल तेथे, महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, हे आठवले की माझे मन आजही उद्विग्न होते.

बाईला महिना 3000 रुपयांचा हुकूम झाला होता. चार महिने पैसे आले, मग थांबले. वकीलबाईंनी कोरा कागद घेतला, त्यावर महिन्यांची नावे एकाखाली एक लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे बाईकडून ‘नाही’ असे वदवून घेत त्या खाली उतरत गेल्या. चौदा महिने भरले. मग त्यांनी वरच्या दोन नावांवर आडवी रेघ ओढली. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज नसेल, तर तिच्या वसुलीचे वॉरंट निघत नाही. म्हणून चौदांपैकी बाराच महिने मागता येणार होते. 6000 रुपये त्या रेघेखाली गेले.

“पहिलेच काऊन नाही आली?” वकीलबाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता.

“पावसात नाला चढते म्याडम. मंग धान, मंग लेकरू बिमार पडलं.”

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, हे दर वर्षी वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते. परंतु त्या पुराचा पोटगीच्या मुदतीशी काही संबंध असेल, असे मला तोवर कधी सुचले नव्हते. मुदतीचे कलम लिहिणाऱ्यांनाही ते सुचले नसावे.

आता अर्ज, नोटीस, आणि नवरा तरीही न बधल्यास वॉरंट. त्याला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, मात्र कैद भोगून देणे फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच सांगून ठेवले आहे. बल्लारपूर किंवा घुग्घूसच्या कोळसा खाणीतील पगारदार कामगार असता, तर पगारातूनच कपात लावण्याचा मार्ग खुला राहिला असता. जंगलावर जगणाऱ्या माणसाचे उत्पन्न कोणत्या कागदावर सापडावे? 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने उभय पक्षांसाठी मत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र ठरवून दिले आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा निराळा नमुनाही दिला. हुकुमापूर्वी तो नमुना भरताना आपण नवऱ्याच्या घरची तेंदूची कमाई कशी मोजली, ते वकीलबाईंनी मला सांगितले: सत्तर पानांचा एक पुडा, घरात पाने तोडणारे हात किती, हंगाम किती दिवस चालला, ग्रामसभेने बोनस वाटला की नाही. असा हिशेब मांडणाऱ्या व्यक्तीविषयी मला नितांत आदर वाटतो.

वनहक्काचा पट्टाही दोघांच्या नावे आहे, कारण 2006 च्या कायद्याने विवाहितांचा पट्टा संयुक्त नावाने होतो. तो विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही, आणि फारकतीनंतर त्याचे काय करावे याविषयी कायदा मौन पाळतो. जमीन नवरा कसतो. उलट बचत गटातून उचललेले कर्ज तिच्या एकटीच्या नावे आहे, त्या पैशांतून आलेली मोटारसायकल नवऱ्याकडे, हप्ता हिच्याकडे. शिधापत्रिकेवरचे नाव अद्याप सासरीच आहे. मुलाला उद्या जातवैधतेसाठी बापाकडच्या घराण्याचे दाखले लागतील, ते मागावयास कोणी जावे हा प्रश्न तर उभाच आहे.

पंचांनी एका दुपारी जे मोडले, ते कागदोपत्री मोडण्यास अशी वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा खर्च बाईच्याच पदरी पडतो. वसुलीचा अर्ज गावातल्या गावात, विधी स्वयंसेवकाच्या हाती देता यावा आणि तो दिला त्या दिवसापासून मुदत थांबावी, एवढी सुधारणा करण्यास कोणत्या तिजोरीवर भार पडणार आहे?

अर्जावर अंगठा उमटला. वकीलबाईंनी तिच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर साठवून दिला आणि बजावले, “पैसे थांबले की दुसऱ्याच महिन्यात फोन करायचा. बारा महिने मोजत बसायचं नाही.” मग त्यांनी दाराबाहेर ताटकळलेल्या पुढच्या बाईला हाक मारली.