टोरांटोचा मुक्काम, नायगाराची भेट

धबधबा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी नायगाराच उभा राहतो. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या या धबधब्याचं भव्य रूप समोरून पाहायचं, तर कॅनडाचाच काठ गाठायला हवा. म्हणून अनेक पर्यटक टोरांटोत मुक्काम करतात आणि तिथून साधारण १३० किलोमीटरवरच्या नायगाराला जातात.

टोरांटो वसलंय ऑन्टारिओ सरोवराच्या काठी. १९७६ साली खुला झालेला ५५३ मीटर उंच सी. एन. टॉवर ही या शहराची ओळख. त्यात ३४२ मीटर उंचीवर काचेची फरशी आहे. तिच्यावर उभं राहून खाली पाहताना मोठ्यांच्या पोटात गोळा येतो, मुलं मात्र खुशाल बागडतात. घरच्या जेवणाची आठवण झालीच, तर जेरार्ड स्ट्रीटवरचा भारतीय बाजार आहेच.

नायगारा म्हणजे एक नव्हे, तीन धबधबे. त्यांतला सर्वांत मोठा हॉर्सशू, नावाप्रमाणेच घोड्याच्या नालेच्या आकाराचा आणि सुमारे ५७ मीटर उंच. लाल रेनकोट चढवून बोटीत बसलं की ती थेट त्याच्या तुषारांत शिरते. लिफ्टनं खाली उतरून बोगद्यातून कोसळत्या पाण्यामागेही जाता येतं.

पण हे दृश्य सर्वांना सहज पाहायला मिळतंय, त्यामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात काठावरच्या जमीनमालकांनी भिंती-कुंपणं घालून धबधबा पाहण्यासाठी पैसे उकळायला सुरुवात केली होती. लोकांनी चळवळ केली आणि १८८५ साली न्यूयॉर्क राज्यानं आपल्या बाजूची जमीन सर्वांसाठी खुली केली. कॅनडाच्या बाजूनंही त्याच वर्षी तसंच पाऊल उचललं. काठावर उभं राहून धबधबा पाहायला आजही तिकीट लागत नाही.

पुढे संकट आलं ते विजेचं. १८९६ साली इथली वीज बफेलो शहरात पोहोचली आणि वीजनिर्मितीसाठी अधिकाधिक पाणी वळवलं जाऊ लागलं. अखेर १९५० साली दोन्ही देशांनी करार केला. पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान २८ लाख लिटर पाणी धबधब्यावरून सोडायचं, एरवी त्याच्या निम्मं. म्हणजे निसर्गानं घडवलेला नायगारा आज टिकून आहे, तो माणसानं आपल्या हावेला घातलेल्या लगामामुळे!

तेव्हा नायगाराला जाल ते मे ते सप्टेंबरच्या दरम्यान आणि दिवसाउजेडी. रात्री पाणी कमी असलं तरी रंगीत दिव्यांची रोषणाई मन मोहून टाकते, त्यामुळे जमल्यास एक रात्र तिथे राहा. पूल ओलांडून अमेरिकेच्या बाजूला जायचं असेल, तर तिथला व्हिसा वेगळा लागतो, तो भारतातूनच काढून ठेवा. आणि मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड सोबत घ्यायला विसरू नका. नायगारा कोणालाच कोरडं परत पाठवत नाही.