जोकर पहिल्याच अंकात मेला असता तर?

तुमच्या जाहिरातीत हिरो आहे, पण व्हिलन आहे का? हसू नका, आज थोडं कॉमिक्सबद्दल बोलू.

1940 मध्ये 'बॅटमॅन' हे स्वतंत्र कॉमिक निघालं. पहिल्याच अंकात जोकर आला आणि त्याच अंकात तो मरणार होता. लेखक बिल फिंगर यांना धास्ती होती, की तोच तोच गुन्हेगार परत यायला लागला तर बॅटमॅन कुचकामी दिसेल. (भीती रास्तच होती!) पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना जोकरमधला दम दिसला. त्यांनी शेवटी एक चित्र वाढवायला लावलं : जोकर वाचतो. आज ऐंशीहून जास्त वर्षं झाली, तो अजून छळतोच आहे. जोकर काढून टाका, मग उरतो कोण? रात्री वेष बदलून भुरटे चोर बडवणारा एक गर्भश्रीमंत माणूस.

सुपरमॅनचंही तसंच. लेक्स लूथरकडे काय आहे? डोकं आणि पैसा. ठोसा मारून तो प्रश्न सुटत नाही. कॉमिक्समध्ये 2000 साली तर तो निवडणूक जिंकून अमेरिकेचा अध्यक्षच होतो! आता डोंगर उचलणाऱ्यानं काय करायचं? आणि 1973 मध्ये ग्रीन गॉब्लिननं ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली टाकलं, तेव्हा स्पायडरमॅनचं जाळं तिच्यापर्यंत पोचलं, तरी ती वाचली नाही. जिथे हिरोची ताकद कामाला येत नाही, नेमका तिथेच चांगला व्हिलन घाव घालतो. म्हणून तर पुढचा अंक विकत घ्यावासा वाटतो.

आता तुमचा बोर्ड बघा. 'उत्तम दर्जा, वाजवी दर, तत्पर सेवा.' सगळ्या शक्ती आहेत, पण लढाई कुणाशी?

समोरच्या दुकानदाराशी म्हणाल तर थांबा. त्याची निंदा केलीत की गिऱ्हाईक दोघांनाही टाळतं. व्हिलन गिऱ्हाइकाच्या आयुष्यात शोधायचा. समजा, तुमचं ब्लाउज शिवायचं काम आहे. तुमचा व्हिलन म्हणजे 'उद्या या' हे दोन शब्द. लग्न परवावर आलंय, पाहुणे घरात आहेत आणि ब्लाउज अजून हुक-काजावर अडकलंय. ही धडधड प्रत्येक बाईला माहीत आहे. बोर्डवर फक्त एवढंच लिहा : 'आमच्याकडे उद्या या म्हणत नाही.'

मात्र हे लिहिल्यावर कारागीर दांडी मारो की लाइट जावो, मंगळवार म्हणजे मंगळवार. एकदा जरी 'उद्या या' तोंडातून गेलं, तर फिंगर यांची भीती खरी ठरलीच म्हणून समजा. तेव्हा आधी झेपतील तेवढ्याच ऑर्डरी घ्या, मग बोर्ड रंगवा.

आज दुकान बंद केल्यावर गेल्या महिन्यातल्या पाच गिऱ्हाइकांना फोन लावा. आमच्याकडे येण्याआधी कशानं वैताग आला होता, एवढंच विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुढच्या व्हिडिओत त्यातून जाहिरातीची पहिली ओळ कशी काढायची, ते पाहू.